आईला सांगायचं नाही म्हणजे काय?

रुग्णाने नाही म्हटलं की त्याच्या आईला औषधाचं नावसुद्धा सांगायचं नाही. इंग्लंडमधल्या सुरक्षित, म्हणजे कुलूपबंद, मनोरुग्ण वॉर्डात नर्सिंग करताना बाकी सगळं अंगवळणी पडलं, हे अजून पचत नाही.

आमचे बहुतेक रुग्ण कोर्टाकडून येतात. १९८३ च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टचं कलम ३७ म्हणजे तुरुंगाऐवजी रुग्णालय. त्याला ४१ जोडलं की रुग्णाला आवाराबाहेर पाठवायलाही न्याय मंत्रालयाची मंजुरी लागते. इतर रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकाला कायदा काही अधिकार देतो. ३७/४१ च्या रुग्णाला कायद्याच्या लेखी असा नातेवाईकच नसतो.

त्यात हल्ला पुष्कळदा घरातल्याच माणसावर झालेला. अशा आईला २००४ च्या कायद्याने पीडित म्हणून काही हक्क मिळतात: मुलाला सोडताना कोणत्या अटी असाव्यात यावर ती म्हणणं मांडू शकते, सुटकेची माहितीही तिला कळवतात. आणि आई म्हणून? तो नीट जेवतो का, एवढंही नाही! मला याचा संताप येतो.

आपल्याकडे डॉक्टर आधी घरच्यांना बसवून घेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता आपल्याकडेही आणली आहे, तरी घरच्यांना विचारल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही आणि मला तेच योग्य वाटतं. इथले सहकारी म्हणतात, तुमच्याकडे बरे झालेले लोकही वर्षानुवर्षं मनोरुग्णालयात पडून असतात, घरचे नेत नाहीत. खरं आहे ते. पण भेटी हळूहळू बंद झालेली घरं मी इथेही बघतेच की.

ऐकून घ्यायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. मध्यंतरी एक आई आली. फोन, किल्ल्या लॉकरमध्ये, मग दोन दारं, पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. घरून आणलेला डबा नियमाप्रमाणे बाहेरच राहिला. मी काही सांगू शकत नव्हते, म्हणून विचारत गेले. ती म्हणाली, "बिघडायच्या आधी तो नळाचं पाणी सोडतो, फक्त सीलबंद बाटलीतलं पितो." जाड फाइलमध्ये ही खूण कुठेच नव्हती. आता त्याच्या केअर प्लॅनमध्ये आहे.

परवानगी एकदा नाकारली म्हणून विषय संपत नाही. प्रत्येक आढावा बैठकीआधी मी त्याला पुन्हा विचारते. या वेळी तो म्हणाला, आईला बोलवा, पण केसचं तिच्यासमोर काढू नका. बैठकीतली पहिली वीस मिनिटं मी तिच्यासाठी मागून घेतली आहेत.