बाकांखालची जमीन

बाकं काढायची म्हटल्यावर गावात सरळ दोन तट पडले. इंग्लंडमधल्या त्या खेड्यातलं चर्च मध्ययुगीन, बाकं मात्र व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. दुकान बंद, पोस्ट बंद. तेव्हा उपासना, मुलांचा खेळवर्ग, म्हाताऱ्यांचं जेवण, सगळं इथेच व्हावं, असं चर्चच्या मंडळाचं म्हणणं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये अशा बदलांना धर्मप्रांताच्या न्यायालयाची ‘फॅकल्टी’, म्हणजे परवानगी, लागते. डफिल्ड इथल्या चर्चच्या खटल्यातल्या निकालापासून तिथला मुख्य प्रश्न ठरलेला: इमारतीचं महत्त्व किती उणावेल, आणि लोकांचा फायदा त्याहून मोठा आहे का? आम्हाला परवानगी मिळाली. दोन ओळी बाकं जागेवर ठेवायच्या अटीवर.

बाकांखालचे लाकडी चौथरे उचलले, त्या दिवशी हरकत घेणारे एक आजोबा सकाळपासून येऊन उभे होते. फळ्यांखाली धूळ, टोपीच्या पिना, काळी पडलेली पेनी. त्याखाली कोरीव थडग्यांचे दगड. चौथऱ्यांना आधार म्हणून विटांच्या बुटक्या भिंती थेट त्या अक्षरांवरच रचलेल्या! वारसा जपायचा म्हणून ज्या बाकांसाठी गावात भांडण चाललं होतं, ती बसवणाऱ्यांनी आधीच्या वारशाचा हा मान ठेवला होता. आजोबा वाकून एक नाव वाचू लागले. “हे आमच्या गल्लीतलं घराणं,” म्हणाले, आणि त्यांनी खिशातून चष्मा काढला.

मध्ययुगात या दालनात बहुतेक लोक उभेच असत. गावच्या बैठका, मेजवान्याही इथेच. आपल्याकडे सभामंडपात कीर्तन होतं आणि पंगतही बसते, तसंच. मोकळी जमीन हीच जुनी रीत, असं मी बैठकांत सांगून थकलो होतो. दगडांनी ते काम अर्ध्या तासात केलं.

दुपारी एका कोपऱ्यात पहार खाली गेली. विटांचं तळघर, आत हाडं. काम थांबलं. पुरातत्त्वाच्या बाईंनी नोंद केली, व्हिकरबाईंनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, प्रार्थना म्हटली आणि तळघर पुन्हा बंद केलं. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याची नळी नेमकी तिथून जाणार होती.

जमीन आम्ही चुन्याचीच करणार होतो: खाली फुगवलेल्या काचेचे खडे, वर चुन्याचा थर, त्यात गरम पाण्याच्या नळ्या. सिमेंट ओतलं असतं तर खालची ओल भिंतींत चढली असती. त्यात बदल नव्हता. सिंक मात्र उत्तरेच्या भिंतीवरून मनोऱ्यापाशी गेलं, आणि चहावाल्या मंडळींनी मला ते अजून माफ केलेलं नाही.