देवळीतली काजळी

आज सकाळी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून जाताना एका पाडल्या जाणाऱ्या वाड्यासमोर पाय आपोआप थांबले. समोरची भिंत उतरवलेली होती आणि आतल्या भिंतीतली देवळी, म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा, उघड्यावर आली होती. तिच्या कमानीवर वर्षानुवर्षांच्या दिव्याची काजळी अजून तशीच होती.

सागवानी चौकट टेम्पोत चढवणारे एक मामा म्हणाले, "दादा, लाकडाला गिऱ्हाईक हाय, भिंतीला कोण इचारतंय?"

हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेले नाही.

मालकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. अनेक भावंडांत वाटण्या झालेल्या असतात, चुन्याचे काम जाणणारे गवंडी सहज मिळत नाहीत, आणि नाइलाजाने सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडून जुनी भिंत अधिकच खचते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ मध्ये 'पॅलेस थिएटर' म्हणून सुरू झालेले ते नाट्यगृह होते तसेच पुन्हा उभे राहावे, असे प्रत्येकाला मनापासून वाटले. ती हळहळ खरी होती, कारण मीही त्या गर्दीत उभा होतो. पण पेठांमधले वाडे आगीविना, दिवसाढवळ्या आणि रीतसर परवानगीने जात आहेत.

ते पाडण्यापूर्वी निदान त्यांची मोजमापे आणि छायाचित्रे तरी आपण जपून ठेवू शकणार नाही का?