तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रोलांचा एवढा पुळका का?

हा प्रश्न आता पाठ झालाय. खरा बोचतो तो दुसरा, आमच्याच लोकांचा: निनावी लिहिण्याच्या हक्कासाठी लढता, मग सगळा वेळ डेटाचोरीवर का बोलता?

पूर्वी मी हक्कावरच बोलायचे. इंटरनेटवर ओळख सक्तीची करणाऱ्या विधेयकावर सुनावणी होती. एक बाई साक्ष द्यायला कशीबशी तयार झाली होती. मारकुट्या नवऱ्यापासून सुटलेली. घर सोडण्याआधी कोणती कागदपत्रं हलवायची, फोनचं लोकेशन कसं बंद करायचं, हे ती टोपणनावाने इतरजणींना सांगायची. आदल्या संध्याकाळी फॉर्म आला: पूर्ण नाव, राहता पत्ता, ओळखपत्राची प्रत. यादी जाहीर होणार होती. तिने फोनवर एवढंच विचारलं, "पत्तापण?"

ती आली नाही. तिचं निवेदन मी वाचायला घेतलं. अध्यक्षांनी मध्येच थांबवलं, "हे कोणाचं?" सांगता येणार नाही, म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "निनावी कागदाची आम्ही दखल घेत नाही."

ज्यांच्यासाठी लढायचं ते समोरच येऊ शकत नाहीत, तर लढाई कशाच्या जोरावर लढणार? म्हणून मी दक्षिण कोरिया काढते. तिथे 2007पासून मोठ्या साइटवर लिहिण्याआधी ओळख पटवणं सक्तीचं होतं. 2011मध्ये एका हॅकिंगमध्ये सुमारे साडेतीन कोटी खात्यांची माहिती फुटली. 2012मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने ती सक्ती रद्द केली. हक्क म्हटलं की लोकप्रतिनिधी मान डोलावतात. माहिती फुटली तर जबाबदार कोण, म्हटलं की लिहून घेतात. डावपेच आहेत, हो. त्याची लाज कशाला बाळगू?

पण उद्या कोणी न फुटणारी यंत्रणा आणली तर? माझ्यातली जुनी कार्यकर्ती हे विचारते, आणि तिला गप्प करणं मला जमलेलं नाही. सक्तीमुळे बेकायदा मजकूर फारसा घटल्याचं दिसत नाही, हेही त्याच न्यायालयाने म्हटलं होतं. सभेत ते कुणाला पटत नाही.

त्या सुनावणीत ट्रोलिंगमुळे शाळा सुटलेल्या मुलीचे वडीलही होते. बाहेर मला म्हणाले, "त्या माणसाचं नाव मला कळायला नको?" कळायलाच हवं, म्हटलं, गुन्हा झाल्यावर, कोर्टाच्या आदेशाने. त्यासाठी सगळ्यांची ओळख आधीच गोळा करायची गरज नाही. कोर्टाला किती महिने लागतात, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.