पान खाल्ल्यासारखं तोंड

शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा

"बाबा, त्याची दाढी अशी लाल का झालीय? पुसत नाहीस का?"

एवढंच म्हणाली चिऊ, आमच्या ल्हासा जातीच्या कुत्र्याबद्दल, बत्ताशाबद्दल. मग तिकडच्या थंडीचं बोलली, सायकल पंक्चर झाल्याचं बोलली, हसलीसुद्धा. मी हं हं करत राहिलो. फोन ठेवून दोन तास होऊन गेले, तरी ते 'पुसत नाहीस का' कानातून जात नाही.

पुसतो. दिवसातून चार-पाच वेळा पुसतो. सकाळी फिरून आला की, जेवला की, पाणी प्यायला की, निजायच्या आधी. परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "काय हो, बत्तासा पान खायला लागला की काय?" तेव्हा मीही त्यांच्याबरोबर हसलो. दिसतंच तसं. कपाळ, कान पांढरेशुभ्र आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून कात-चुन्याचा ओघळ यावा तशी दाढी. काकांचं काही लागलं नाही. चिऊचं लागलं.

माझ्या गुडघ्याचं तिने विचारलं नाही. मागच्या आठवड्यात तो जिन्यात लचकला ते तिला माहीत आहे. असो. तिकडे तिची रात्रपाळी चालू आहे.

पण पुसत नाही असं तिला वाटावं, हे मनातून जात नाही. दादरमध्ये मिळतं ते सगळं आणून झालं. सुती पंचे आणले, लहान मुलांचे ओले पुसणे आणले. हिची बारीक दातांची फणी ड्रॉवरमध्ये होती, ती काढली आणि परत ठेवली. बाजारातून स्टीलची नवीन आणली. समोरच्या मावशींनी लिंबू चोळायला सांगितलं होतं, ते मात्र केलं नाही. ओठाशी कातडी आधीच लाल दिसत होती, त्यावर लिंबू म्हणजे झोंबणारच. औषधाच्या दुकानातल्या पोराने हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली पुढे केली, "केस पांढरे होतात, काका" म्हणाला. डोळ्यात थेंब उडाला तर काय, या विचाराने ती परत दिली. हे सगळं चिऊला फोनवर कुठून दिसणार? तिला दिसली ती लाल दाढी.

खरं खुपतंय ते वेगळंच. गुरुवारी डॉक्टरबाईंनी जे सांगितलं, ते मी चिऊला सांगितलं नाही.

गुरुवारी बाईंनी त्याची हनुवटी वर केली, दाढीचे केस बाजूला सारले आणि खालच्या ओठाची घडी बोटाने उलगडली. आत कातडी गाजरासारखी लाल, ओलसर, आणि वास असा की पीठ भिजवून दोन दिवस विसरलं तर येतो तसा. बाईंनी सेलोटेपचा तुकडा तिथे दाबला, काचपट्टीवर चिकटवला, त्यावर निळसर रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकातून मलाही बघायला लावलं. शेंगदाण्याच्या आकाराचे बारीक बारीक ठिपके, ढिगाने. मॅलॅसेझिया म्हणाल्या. यीस्ट. सगळ्याच कुत्र्यांच्या अंगावर थोडं असतं, पण ओल मिळाली की माजतं.

मग विचारलं, "धुता किती वेळा?" मी जरा अभिमानानेच म्हणालो, "चार वेळा, कधी पाच."

"आणि वाळवता?"

मी गप्प बसलो. पुसत होतोच की. पण ओल्या पंचाने पुसायचं आणि वर कोरडा पंचा एकदा फिरवायचा, याला वाळवणं म्हणत नाहीत. ल्हासाच्या दाढीचे केस लांब आणि दाट. वरून कोरडे लागतात, पण बोट मुळाशी घातलं की ओल कळते. त्यात हा पाऊस. आमच्या दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे दाढी काय वाळणार! मी दिवसातून पाच वेळा ती भिजवत होतो आणि मुळाशी ओल ठेवत होतो. यीस्टला आणखी काय हवं?

म्हणजे पुसत नव्हतो म्हणून ती लाल झाली नाही. पुसत होतो म्हणून झाली. हे पोरीला कसं सांगायचं?

बाईंनी बाकीचंही नीट समजावलं. शरीरात जुन्या तांबड्या पेशी मोडतात तेव्हा पॉर्फिरिन नावाचं द्रव्य सुटतं. त्याचा काही भाग कुत्र्याच्या लाळेतून, अश्रूंतून बाहेर पडतो. केसावर बसला की तपकिरी-तांबडा डाग उमटतो आणि ऊन लागलं की तो अजून गडद होतो. काळ्या कुत्र्यालाही हे होतं, फक्त त्याचं दिसत नाही. बत्तासा पुढचा उजवा पंजा चाटतो, तोही तसाच तांबूस झालाय. मला इतके दिवस तो शिवाजी पार्कच्या मातीचा रंग वाटत होता. नखांभोवती घासून घासून धुतला तो पंजा.

आणि चढलेला डाग धुऊन जात नाही. तो केस कापायचा किंवा नवीन पांढरा केस येईपर्यंत थांबायचं. मधल्या काळात लाळ कमी कशी होईल आणि दाढी कोरडी कशी राहील, एवढंच आपल्या हातात.

चिऊने मागे कुणाकडून ऐकून एक पावडर सुचवली होती, जेवणात मिसळली की डाग जातात म्हणून. बाईंना तेही विचारलं. अशा काही पावडरींत टायलोसिन हे प्रतिजैविक असायचं, आणि २०१४ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती बनवणाऱ्यांना मंजुरीशिवाय विकता म्हणून इशारापत्रं पाठवली होती. चेहरा गोरा दिसावा म्हणून रोज प्रतिजैविक द्यायचं का, असं बाईंनी मलाच विचारलं. नाही द्यायचं.

तोंड उघडून दाखवलं तेव्हा मात्र मी ओशाळलो. वरची मागची दाढ, गालाकडची. तिच्यावर कीटणाचा तपकिरी थर आणि हिरडीच्या कडेला लाल रेघ. तोंडात दुखलं की लाळ जास्त गळते, म्हणून दाढी जास्त भिजते. बाहेरून पाच वेळा पुसलं, आत एकदाही बघितलं नाही. नऊ वर्षांचा आहे तो. दात साफ करायला भूल द्यावी लागेल, त्याआधी रक्ताची तपासणी. भूल म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ते वेगळं, ते इथे नको.

गुरुवारपासून असं चाललंय. प्लास्टिकचं भांडं काढून टाकलं. त्याच्या तळाशी ओरखडे पडले होते आणि बोट फिरवलं तर बुळबुळीत लागायचं. आता स्टीलची उथळ वाटी, दोनदा घासून. जेवण झालं की दाढी कोमट पाण्याने एकदाच, मग टिपून घ्यायची. चोळायची नाही, नाहीतर गुंता होतो. मग दुसरा कोरडा पंचा मुळाशी दाबून धरायचा, शंभर आकडे मोजेपर्यंत. मग चिमूटभर कॉर्नफ्लॉवर आणि फणी. ओठाच्या घडीला बाईंनी दिलेले क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे पुसणे, डोळ्यांपासून लांब धरून. माझा शाम्पू बंद. माणसाची कातडी आंबटाकडे झुकणारी, कुत्र्याची तशी नाही, त्याला त्याचाच शाम्पू लागतो. इतकी वर्षं हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मघाशी शंभर मोजत होतो. हनुवटी माझ्या तळहातावर ठेवून तो बसून होता, डोळे अर्धे मिटलेले. साठच्या आसपास त्याने सगळं वजन हातावर सोडलं. दुसऱ्या हाताने केस विंचरत मुळाशी आलो तर दिव्याखाली वाटलं की तांदळाच्या दाण्याएवढा भाग पांढरा आहे. दोन दिवसांत केस एवढा वाढत नाही, मला कळतं. पूर्वीपासूनच तसा असेल, मी कधी इतकं जवळून बघितलंच नव्हतं. तरी चष्मा लावून पुन्हा बघितला.

चिऊला मेसेज लिहिला: 'पुसतो गं, जास्तच पुसतो.' खोडला. मग लिहिलं: 'ओली ठेवत होतो, चूक माझी.' तोही खोडला. शेवटी पाठवलं ते एवढंच, 'दात खराब झालेत त्याचे. बुधवारी रक्त तपासायला नेतोय. दाढी लाल आहे ती लाळेने.' तिने अजून बघितलेलं नाही. कामावर असेल.

खरं तर तिने विचारलं म्हणून बरं झालं. तिने नाही विचारायचं तर कुणी? पिल्लू होता तेव्हा रात्र रात्र हातात घेऊन बसलेली आहे ती. माझं काळीज तेवढ्यावरून दुखावलं, त्याला काय करणार? दुखेल दोन दिवस. दाढी पांढरी व्हायला तर महिने लागतील.

स्वयंपाकघरातून चप् चप् आवाज येतोय. पाणी पितोय पुन्हा. कोरडा पंचा दोरीवर होता, तोही दमट लागेल. कपाटातला काढतो.