ती नळी मीच टाकली होती

गेली सोळा वर्षं मी ठिबक बसवायचं काम करतो. अमळनेर, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात शेतं तर केलीच, पण घरामागच्या चार-पाच झाडांची कामंही कधी नाकारली नाहीत. असंच एक काम आहे, ज्याचा विषय निघाला की अजून जीव खालीवर होतो.

मे संपत आला होता. अमळनेरहून एका मायचा फोन आला, "भाऊ, दिवसातून दोनदा पानी देस, तरी मोसंबी सुकी राह्यनी." मोसंबी तिच्या यजमानांनी लावलेली. ते गेले, झाड राहिलं.

सकाळी दहालाच पाठ भाजत होती. झाडाची पानं शिरेपाशी पिवळी पडली होती, शेंडे वाळले होते. कुणीही म्हणालं असतं, पाणी कमी पडतंय. मायलाही तेच वाटायचं. पानं मलूल दिसली की ती बिचारी पाइप घेऊन बुंध्यात सोडायची. खाली वाकलो तर बुंध्यावर मधाच्या रंगाचा डिंक ओघळलेला. विळ्याच्या टोकाने साल खरवडली, आत तपकिरी आणि कुजका वास. डिंक्या. मोसंबी-लिंबाच्या बुंध्याशी सतत ओल राहिली की जमिनीतली बुरशी सालीत शिरते, तो हा रोग.

बुंध्यापाशी कुदळ मारली तर चिखल निघाला. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली, वरची साल हातात आली आणि आतला दोरा तेवढा राहिला. मुळांना हवा लागते. पाण्यात बुडालेली मुळी पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून पायाशी चिखल असूनही पानं तहानलेली दिसतात.

मग सात-आठ फूट बाहेर, फांद्यांच्या टोकाखाली गेलो. तिथे काळ्या मातीला माझा पंजा आत जाईल एवढ्या भेगा. भेग पडते तेव्हा तिथली मुळीही तुटते.

आणि मग ती नळी दिसली. बुंध्याभोवती हातभर गोल, दोन ड्रिपर, म्हणजे थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडं. गाठ मारायची पद्धत माझी. सहा वर्षांपूर्वी रोप कमरेएवढं होतं तेव्हा मीच टाकली होती. तेव्हा ती बरोबर होती. झाडाचा घेर पंधरा फूट झाला, नळी तिथेच राहिली. झाड वाढेल तशी ती बाहेर सरकवायची असते, हे मी मायला कधी सांगितलंच नव्हतं.

मी ते कबूल केलं. ती क्षणभर बघत राहिली. "मंग आधी का बरं नही सांगं?" एवढंच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य ऐन डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास उभ्या काठीची सावलीसुद्धा उरत नाही आणि झाडाची सावली बरोबर त्याच्या घेराखाली पडते. तेवढा वेळ थांबलो. सावलीच्या कडेने चुन्याची रेघ ओढली आणि मायला म्हणालो, "झाड इथं पाणी पितं."

रेघेवर आठ आणि निम्म्या अंतरावर चार, असे ताशी 8 लिटरचे बारा ड्रिपर बसवले. दर तिसऱ्या दिवशी तीन तास, म्हणजे जवळजवळ 290 लिटर. पाणी खोल जायला हवं. रोजच्या शिडकाव्याने नुसती वरची माती भिजते. बुंध्याला चढवलेली माती ओढून काढली, कुजकी साल खरवडली आणि 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी या मापाची, बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट तीन फुटांपर्यंत लावली. बुंधा मोकळा सोडून बाकी आळ्यात कडब्याचं आच्छादन केलं.

निघताना मायला एक गोष्ट हातात धरून शिकवली: रेघेपाशी फूटभर खालची माती काढून मुठीत दाबायची. गोळा टिकला तर पाणी द्यायचं नाही, भुगा झाला तर द्यायचं.

दीड महिन्याने, दोन पाऊस झाल्यावर गेलो. वाळलेल्या फांद्या कापाव्या लागल्या, एक बाजू उघडी पडली. चुन्याची रेघ केव्हाच धुऊन गेली होती, पण त्याच जागी उकरलं तर मातीत पांढऱ्या, दोऱ्यासारख्या नव्या मुळ्या होत्या. मायने न विचारता मूठ पुढे केली. मातीचा गोळा होता, तिच्या बोटांचे ठसे उमटलेला.

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. घरामागच्या झाडांची एकवीस कामं निघाली. पहिला फोन त्याच रात्री केला.