पान १८४

जानेवारी २०२४. अमळनेरचं ९७वं साहित्य संमेलन २ फेब्रुवारीला सुरू होणार होतं. जळगावातल्या आमच्या छोट्याशा प्रेसमध्ये तेव्हा चार पुस्तकं एकदम चालू होती, कारण प्रत्येकाला आपलं पुस्तक संमेलनातल्या स्टॉलवर हवं होतं. टायपिंग, पानं लावणं, प्रूफ, सगळं माझ्याकडे. जेवायचा डबा संध्याकाळी पाचला उघडायचा.

त्या चारांत नानांची कादंबरी होती. नाना यावल तालुक्यातले केळीवाले. दोनशे पानी पाच वह्या, निळ्या शाईत, खाडाखोड जवळपास नाहीच. अकरा वर्षं लिहीत होते म्हणे. शेवटचं प्रूफ बघायला ते आले तेव्हा धुळ्याचे एक निवृत्त सरही होते. तेही कादंबरीकार, आपल्या पुस्तकाचं कव्हर पास करायला आलेले. दोघं जुने दोस्त.

नाना पानं उलटत होते. एकाएकी थांबले.

"ताई, इथं 'आभाळ' कोणी केलं?"

मी म्हटलं, "मीच. तुमच्या वहीत 'आभाय' होतं, चुकून राहिलं असेल म्हणून…"

"चुकून?" त्यांनी चष्मा काढला. मग अहो-जाहो सुटलं. "तू मले इचारलं का?"

झालं होतं असं. कादंबरीतली म्हातारी केयी म्हणते, डोया म्हणते, सगयं म्हणते. आमच्याकडे लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. घाईत मी एकेक शब्द फाइंड-रिप्लेसमध्ये टाकून सगळ्या पुस्तकभर 'ळ' करून टाकला होता. आणि खरं सांगायचं तर नुसती घाई नव्हती. दुसरीत असताना मी बाईंसमोर 'फया' म्हटलं होतं आणि अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून 'य' दिसला की माझा हात आपोआप चालतो. गंमत म्हणजे आसोद्याच्या बहिणाबाईंच्या कवितेतलं 'आभाय' मी शाळेत पाठ केलं, तिथे कधी 'ळ' करावासा वाटला नाही. कवितेत शोभतं आणि कादंबरीत चूक ठरतं, हे डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे.

नानांनी मग कादंबरी कुठून आली ते सांगितलं. रावेरकडे केळीचा ट्रक भरत होता. एक पोरगा मोबाइलवर आईशी बोलताना 'केयी' म्हणाला, फोन ठेवून दिल्लीच्या व्यापाऱ्याला 'केला' म्हणाला आणि मागे उभ्या बँकेच्या साहेबाला 'केळी'. "एका मिनिटात तीन येळा फळ बदललं त्यानं. मी घरी जाऊन पहिलं पान लिहिलं." त्याच पोराची ही गोष्ट. पुण्याला शिकलेला, निवेदकही तोच, म्हणून निवेदन प्रमाण भाषेत. १८३ पानं तो 'ळ' सोडत नाही. १८४व्या पानावर आई खाटेवर, ओसरीतून बाहेर बघत तो दोनच शब्द बोलतो, त्यात एक 'आभाय'. पुढे रडणं नाही, वर्णन नाही.

आणि तेवढंच मी 'सुधारलं' होतं.

सर इतका वेळ गप्प होते. मग हसत म्हणाले, "साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहून काढली. आमचे नाना अकरा वर्षं एका अक्षरासाठी बसलेत." पण मग माझ्याकडे वळले. "पोरी, १९६३ साली 'कोसला' तुझ्या हाती पडली असती तर तू 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' पुनरुक्ती म्हणून उडवले असतेस. मग पांडुरंग सांगवीकरचं उरलं काय असतं?" 'कोसला'चे लेखक नेमाडे सांगवीचे, म्हणजे नानांच्याच तालुक्यातले. नानांना तेवढ्यात बरं वाटलेलं दिसलं.

चहा आला, मग दोघांची जुंपली. नानांचं म्हणणं, वाचकाला अडू द्यावं. सरांना ते पटत नाही. त्यांच्या अहिराणी संवादांना मागे शब्दार्थ जोडा, असं प्रकाशक म्हणाला होता. सरांनी शब्दार्थ दिले नाहीत, युक्ती केली. एकजण म्हणतो, "पानी येई ऱ्हायनं." दुसरा उत्तर देतो, "येऊ दे पाऊस, पत्रे नवे आहेत." अर्थ उत्तरातच. मला ही युक्ती फार आवडली. नानांना नाही. त्यांच्या मते असं सारखं केलं की दुसरं पात्र दुभाषी होऊन बसतं. मला वाटतं, तेही खरं होतं.

माझं लक्ष मात्र घड्याळाकडे. फर्मा म्हणजे छपाईचा एक मोठा कागद, त्यात १६ पानं. म्हणजे १८४वं पान बाराव्या फर्म्यात, आणि म्हातारीच्या तोंडी 'ळ' घातलेले दहा फर्मे आधीच छापून पडलेले! फाइल मी त्याच नावाने सेव्ह केली होती, जुनी प्रत नाही. उलटं रिप्लेस मारायचं तर मुलाच्या तोंडची 'केळी'सुद्धा 'केयी' झाली असती. मशीनवाल्याला काम थांबवायला सांगितलं. मालकांनी काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. वाया गेलेला कागद माझ्या पगारातून कापा, असं मीच म्हटलं.

रात्री आठला वह्या उघडल्या. नाना गेले नाहीत. ते वहीतून म्हातारीचं वाक्य मोठ्याने वाचायचे, मी स्क्रीनवर दुरुस्त करायचे. वाचताना त्यांचा आवाज बदलायचा, बारीक व्हायचा, आणि मला माझी आजीच बोलतेय असं वाटायचं. पहाटे साडेतीनला १८४वं पान आलं. तिथे नानांनी वही माझ्याकडे सरकवली आणि बाहेर बिडी ओढायला गेले. मी 'आभाय' टाइप केलं. आमच्या सॉफ्टवेअरने खाली लाल रेघ मारली.

पुस्तक अमळनेरला पोचलं, दुसऱ्या दिवशी दुपारी. स्टॉलवर मी एक प्रत सहज चाळली. पान ९७, खालून चौथी ओळ. म्हातारी सुनेला म्हणते, "केळी झाकून ठेव."

नानांना अजून सांगितलेलं नाही.