केसपेपर कुणाच्या नावाचा?

लेक सव्वादोन महिन्यांची असताना माझ्या डाव्या बाजूला दूध साकळलं. गाठ, लाल चट्टा, हुडहुडी, १०२ ताप. भांडुपला आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी तपासून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून दिल्या. पाजण्याबद्दल ते बोलले नाहीत, मलाही विचारायचं सुचलं नाही. तापात डोकं कुठे चालतं!

गोळ्या आणायला नवरा गेला. मेडिकलवाल्याने पट्टी देता देता विचारलं, "बाळ अंगावर पितं? मग पाच दिवस बंद." आणि पावडरच्या दुधाचा डबाही पुढे सरकवला. नवऱ्याने मुकाट्याने घेतला.

लेकीने बाटली तोंडात धरली नाही. रात्री दीडला ती रडतेय, मी रडतेय, छातीचा दगड झालाय आणि सासूबाई म्हणताहेत, "पिळून टाकून दे, औषधाचं दूध बाधतं." अहो, पण गोळी मी घाबरून घेतलेलीच नव्हती! हे कुणाच्या लक्षातच येईना. शेवटी पाजलं, आणि गोळी तशीच राहिली. ती रात्र वाया घालवली, याचा मला अजून राग येतो.

गल्लीतला दवाखाना उघडणार संध्याकाळी सहाला. म्हणून सकाळी जिथे बाळंत झाले त्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. केसपेपरच्या रांगेत पाऊण तास. मग गायनॅकच्या ओपीडीबाहेर बाकावर, मांडीवर लेक, अंगात कणकण. आत टेबलाशी पोचले तर, "औषध बाळाला चालतं का, हे बालरोगला विचारा." दोन मजले वर. तिथे दारातच, "केसपेपर कुणाच्या नावाचा? आईचा? इथे चालणार नाही, बाळाचा काढा." पुन्हा खाली, पुन्हा रांग. बाळाचा पेपर घेऊन वर आले तर दुसरी बाई म्हणते, "गोळी कोण घेणारे? तुम्ही ना? मग गायनॅक." एक वाजत आला होता. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि पदर घेऊन पाजायला लागले. खरं सांगते, हट्टानेच.

तेवढ्यात एक रेसिडेंट मॅडम जाता जाता थांबल्या. पट्टी बघून म्हणाल्या, "अहो, हेच औषध आम्ही तान्ह्या बाळांना थेट देतो. दुधातून जातं ते त्याच्यापुढे काहीच नाही. पाजत राहा, त्याच बाजूनेही. एकदम थांबवलंत तर गाठ वाढेल, पू होईल." अर्धं मिनिट लागलं असेल. जिन्यातच गोळी घेतली.

गरम शेक आणि जोरात चोळणं त्यांनी बंद करायला सांगितलं. थंड पट्टी, तापाला पॅरासिटामॉल. हे सासूबाईंना पटायला दोन दिवस लागले. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, पण कोर्स पुरा केला. लेकीला शी जरा पातळ झाली, ती आपोआप थांबली. बाळाच्या तोंडात पांढरा थर किंवा अंगावर पुरळ दिसलं तर मात्र दाखवायचं.

हो, आणि सगळ्याच अँटिबायोटिक्सना हे लागू नाही. क्लोरॅम्फेनिकॉल टाळतात, बाळाला कावीळ असेल किंवा ते अपुऱ्या दिवसांचं असेल तर सल्फाच्या गोळ्यांना जपतात. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या आधी सांगा: मी पाजते, बाळ इतक्या दिवसांचं, वेळेवर झालं की आधी. आणि लहान बाळ असेल तर दोघांचेही केसपेपर एकदमच काढा.

डबा परत करायला नवरा त्याच मेडिकलमध्ये गेला. "विकलेला माल परत घेत नाही," म्हणाला.